डॅशबोर्डामागचे बेवारस कपलर

कोणत्याही जुन्या गाडीचा डॅशबोर्ड सोडवा, मागे दोन-चार कपलर बिनजोडीचे निघणारच. कुठे बुलेट पिनेवर टेप गुंडाळून ती हार्नेसला बांधलेली असते, कुठे रिकामा पांढरा सॉकेट लोंबत असतो, कुठे एखादी पिवळी वायर रबरी टोपी घालून निमूट बसलेली असते. गाडी चालू होते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. म्हणजे यांच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. मालक विचारतो, "काका, हे कशाचं?" आणि बाजूला उभा असलेला कुणीतरी लगेच सल्ला देतो, "कापून टाका ना, कशाला ठेवायचं?"

मी कुर्ल्यातला ऑटो-इलेक्ट्रिशियन. ज्या रस्त्याला जुनी माणसं आग्रा रोडच म्हणत राहिली, त्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या आसपास मी काम शिकलो आणि पुढे दुकानही तिथेच टाकलं. आमच्या उस्तादांचा एक दंडक होता. अनोळखी वायरीला टेस्ट लॅम्प लावण्याआधी गाडी कुठली, कुठल्या सालातली आणि कुणाकुणाच्या हातून आली, हे विचारायचं. गिऱ्हाइकाला तो नसता चौकसपणा वाटायचा. पण मीटर सांगून सांगून काय सांगणार? वायरीत करंट आहे की नाही, एवढंच. ती वायर तिथे का आहे, याचं उत्तर कारखान्याच्या हिशेबात, त्या देशाच्या कायद्यात आणि मधल्या मालकांच्या गरजांत दडलेलं असतं. बेवारस कपलर ओळखायचा तर आधी इतिहास काढावा लागतो, मीटर त्याच्यानंतर.

हा इतिहास तसा फार जुना नाही. सुरुवातीच्या मोटारींना वीज लागायची ती ठिणगीपुरती. तेवढ्यासाठी मॅग्नेटो पुरेसा होता. दिवे घासलेटचे किंवा कार्बाइडचे असत आणि इंजिन चालू करायला समोरून हँडल मारावं लागे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि सगळं बदललं. सेल्फ फिरवायचा तर मोठी बॅटरी हवी, बॅटरी भरायची तर डायनामो हवा, डायनामोला आवर घालायचा तर कटआउट हवा. ही मंडळी एकदा गाडीत राहायला आली, तेव्हा दिवे, हॉर्न, वायपर, मीटर यांनीही त्यांच्याकडेच वीज मागितली. ही सगळी वाटावाट जिथून होते ती जागा म्हणजे डॅशबोर्डाची मागची बाजू.

त्या काळातल्या वायरींवर रबराचं आवरण असे आणि त्यावरून सुती दोऱ्याची वीण. रंग त्या दोऱ्यात विणलेला. तीस-चाळीस वर्षं ऊन, तेल आणि धूळ खाल्ली की सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या दिसू लागतात. अशा हार्नेसवर रंग वाचायचा तर उघड्या टोकाकडे बघून उपयोग नसतो. टेप इंच-दोन इंच मागे सोडवायची. आतल्या भागाला ऊन लागलेलं नसतं, तिथे मूळ दोरा आणि त्यातली दुसऱ्या रंगाची रेघ बहुतेक वेळा शाबूत सापडते. पुढे पीव्हीसी आलं आणि हा त्रास कमी झाला, पण सवय तीच ठेवलेली बरी.

रंगांची शिस्त इंग्लंडातून आली, आणि ती मोठ्या प्रमाणात एका घराण्याच्या धंद्यातून आली. बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकस एकोणिसाव्या शतकात घासलेट विकायचा. त्यातून तो दिव्यांकडे वळला. त्याचा 'किंग ऑफ द रोड' नावाचा सायकलचा दिवा गाजला. मुलाने धंदा वाढवला, आणि मोटारी आल्यावर हीच कंपनी मोटारींच्या विजेकडे वळली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती अशी झाली की मॉरिस, ऑस्टिन, स्टँडर्ड, ट्रायंफ, लँड रोव्हर असं बॉनेटवर काहीही लिहिलेलं असो, आतला डायनामो, कटआउट, स्विच आणि हार्नेस बहुतेक लुकसच्या पद्धतीचा. त्यामुळे एका गाडीचे रंग शिकले की अर्ध्या इंग्लंडच्या गाड्या उघडता येत. पुढे ही पद्धत ब्रिटिश स्टँडर्डमध्येही आली. आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासला लुकस-टीव्हीएस सुरू झाली.

ही पद्धत थोडक्यात सांगतो, कारण निम्मे बेवारस कपलर एवढ्यावरच ओळखू येतात. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते, मध्ये फ्यूज नाही. बॅटरी जोडलेली असताना ती बॉडीला लागली तर धूर निघतो. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवीही चावीवरच, पण फ्यूजमधून गेलेली. जांभळीला फ्यूज आहे, मात्र चावीशी संबंध नाही. ती सदा जिवंत. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, काळी अर्थची. मूळ रंग म्हणजे आडनाव, आणि त्यावरची बारीक रेघ म्हणजे नाव. हिरव्यावर लाल रेघ असेल तर डावा इंडिकेटर, पांढरी असेल तर उजवा, जांभळी असेल तर ब्रेकलाइट. निळ्यावर पांढरी म्हणजे अपर, निळ्यावर लाल म्हणजे डिपर. पांढऱ्यावर लाल सेल्फकडे जाते. तपकिरीवर पिवळी चार्जिंगच्या लाल दिव्याची. जांभळ्यावर काळी हॉर्नची. लालवर पांढरी डॅशबोर्डातल्या बारक्या दिव्यांची.

आता समजा मॉरिसच्या डॅशबोर्डामागे लाल वायर आहे, तिच्यावर पिवळी रेघ आहे आणि तिच्या टोकाला काहीच नाही. ही फॉगलाइटची वायर. बॉनेटखाली तिचं दुसरं टोकही असंच मोकळं सापडेल, कारण कारखान्याने वायर दिली होती, दिवा दिला नव्हता. चोरीला काही गेलेलं नाही, तुटलेलंही काही नाही.

जर्मन आणि इटालियन लोकांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी वायरीच्या रंगापेक्षा टर्मिनलच्या आकड्यावर भर दिला. बॉशच्या घरातून आलेले हे आकडे पुढे जर्मन मानकात, डीआयएन ७२५५२ मध्ये, बसले. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, १५ म्हणजे चावीनंतरचा, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ, ५६ हेडलाइट आणि त्यात ५६ ए अपर, ५६ बी डिपर, ५८ पार्किंग. आजही कुठल्याही रिलेच्या बुडावर ३०, ८५, ८६, ८७ कोरलेले दिसतात ते याच वंशाचे. या पद्धतीचा फायदा असा की वायर कुणीही, कुठल्याही रंगाची बदलली तरी टर्मिनल खोटं बोलत नाही. तोटा असा की टर्मिनलपासून सुटलेली, मध्येच लोंबणारी वायर मुकी होते. ब्रिटिश वायर लोंबतानाही स्वतःचं नाव सांगते.

मुंबईत या सगळ्या पद्धती एकाच गल्लीत नांदल्या, हे या शहराचं वेगळेपण. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. फोर्डही मुंबईत होती. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, सुटे भागही टप्प्याटप्प्याने इथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरल्या तीन प्रमुख मोटारी: उत्तरपाड्याची हिंदुस्तान, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड, म्हणजे ट्रायंफच्या घरातली हेराल्ड, आणि कुर्ल्याची फियाट. पहिल्या दोन ब्रिटिश, तिसरी इटालियन.

माझ्या उस्तादांच्या दुकानात म्हणूनच दोन प्रकारची डोकी लागत. अँबॅसडर आली की रंग बघायचे, फियाट आली की आकडे. अँबॅसडरचा डिपर पायाखाली, क्लचच्या बाजूला. म्हणजे निळी वायर डॅशबोर्डामागून खाली जमिनीकडे उतरणार आणि पावसाळ्यात चपलेच्या चिखलाने तिथला स्विच गंजणार. फियाटमध्ये तेच काम स्टीअरिंगजवळच्या दांडीवर. म्हणजे त्या वायरी कॉलममधून वर चढणार आणि वळणावर घासून तुटणार. अँबॅसडरचे फ्यूज काचेच्या नळीचे, फियाटचे चिनीमातीच्या दांडीवर पत्रा गुंडाळलेले. कटआउटवर अँबॅसडरमध्ये ए, डी, एफ, ई अशी अक्षरं. फियाटच्या मान्येती मारेल्ली घाटणीच्या कटआउटवर ५१, ६७ असे आकडे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक फेरा होता: त्यांच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. १९६० च्या दशकात अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टरचा जमाना आला, तेव्हा इंग्लंडने हे उलटवून निगेटिव्ह अर्थ स्वीकारलं. जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कुणी नवा रेडिओ सरळ जोडला की तो जळायचा. असे कितीतरी रेडिओ गेले आणि डॅशबोर्डामागे त्यांच्या फ्यूजच्या दांड्या लोंबत राहिल्या.

कारखान्याने मुळातच रिकामे सोडलेले कपलर एवढे का असतात, याचं उत्तर पैशात आहे. हार्नेस हाताने बनतो. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्याभोवती एकेक वायर फिरवायची, फांद्या काढायच्या, टेप मारायची, टोकांना पिना दाबायच्या. गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी फळी, वेगळा साठा, वेगळा नंबर ठेवण्यापेक्षा सगळ्यांना चालेल असा एकच हार्नेस बनवणं स्वस्त पडतं. चार वायरी जादा गेल्या तरी चालतात. ज्या गाडीला ते सामान नाही, तिथे टोकं टेप मारून मागे बांधायची. लुकसच्या बुलेट पिना आणि लुकारच्या पट्टीच्या पिना, दोन्ही दाबल्या की बसतात, त्यामुळे डीलरने नंतर सामान बसवलं की फक्त जोडी लावायची.

हे सगळं एकाच गाडीत बघायला मिळावं असा योग माझ्या वाट्याला एका एमजी-बीमुळे आला. एमजी-बी इंग्लंडात अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांहून जास्त, आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. ही १९७४ ची, डाव्या स्टीअरिंगची. एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याबरोबर मुंबईत आलेली आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली. पुढे बऱ्याच हातांतून फिरून ती एका तरुण इंजिनिअरकडे आली. त्याने डॅशबोर्ड सोडवून मागच्या प्रत्येक बिनजोडीच्या टोकाला चिकटपट्टीने प्रश्नचिन्ह लावून ठेवलं होतं. "काका, मी एकही वायर कापलेली नाही," हे त्याने आल्या आल्या सांगितलं. मला तो पोरगा तिथेच आवडला.

पहिलं प्रश्नचिन्ह पिवळ्या वायरीवर होतं. ब्रिटिश पद्धतीत पिवळा रंग ओव्हरड्राइव्हचा. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ही जास्तीची यंत्रणा लांबच्या रस्त्यावर इंजिनाचा वेग उतरवते. ती विकत घेतली तर मिळायची, सक्ती नव्हती. या गाडीला ती नव्हती. वायरीचं दुसरं टोक गिअरबॉक्सच्या बोगद्याशी कारखान्याच्याच टेपमध्ये झोपलेलं सापडलं. तिला कधी कुणी हात लावलेला नव्हता.

दुसरं जरा खोडकर निघालं. फिकट हिरवी वायर, टोकाला पिन. मालकाने टेस्ट लॅम्प लावला होता आणि दिवा उघडझाप करत होता. त्याच्या मते कुठेतरी जोड ढिला असणार. पण ढिला जोड गाडी हलवली की लपंडाव खेळतो. ही उघडझाप गाडी उभी असताना, एका लयीत चालली होती. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना एका छोट्या डबीतून करंट जातो. डबीत दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकून संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. बारा व्होल्ट असे तुकड्या-तुकड्यांनी गेले की सरासरी दहा व्होल्ट पडतात. काटा जड चालीचा असल्याने त्याला ही उघडझाप जाणवत नाही, दिव्याला जाणवते. म्हणजे वायर अगदी ठणठणीत होती; तिच्यापुढचा काटाच कुणीतरी काढून टाकला होता. जवळच हिरव्यावर निळी रेघ असलेली दुसरी मोकळी वायर मिळाली, ती तापमानाच्या सेन्सरची. दोन्ही एकत्र आल्यावर गोष्ट पुरी झाली: मूळ विजेचा काटा बिघडला, भाग मिळेना, म्हणून इथल्या कुणी मेकॅनिकने तांब्याच्या नळीवर चालणारा देशी काटा बसवला. काम चोख केलं होतं, वायरी तेवढ्या मागे राहिल्या.

तिसरं प्रश्नचिन्ह मला सगळ्यात आवडलं. अनेक पिनांचा रिकामा कपलर. त्यातल्या काही वायरी गालिच्याखालून दोन्ही सीटकडे गेलेल्या, आणि कपलरच्या अलीकडे पांढऱ्यावर लाल रेघेची वायर कापून थेट जोडलेली. पांढऱ्यावर लाल म्हणजे सेल्फ. सेल्फचा सीटशी काय संबंध? त्याचं उत्तर अमेरिकन कायद्यात आहे. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना तिथल्या सरकारने सक्ती केली की पुढच्या सीटवर माणूस बसलेला असेल आणि त्याने पट्टा लावलेला नसेल, तर गाडीचा सेल्फ फिरताच कामा नये. त्यासाठी सीटखाली स्विच, पट्ट्यात स्विच, आणि मध्ये सगळ्यांचा क्रम तपासणारा डबा. सीटवर किराणामालाची पिशवी ठेवली तरी गाडी चालू होईना. लोक इतके वैतागले की अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी, १९७४ च्या ऑक्टोबरात, कायदा करून ही सक्ती उठवली. सक्ती गेली, पण त्या एका वर्षाच्या गाड्यांतल्या वायरी कुठे जाणार? मालकांनी मेकॅनिक गाठले, डबा काढला, सेल्फ 'डायरेक्ट' करून घेतला. जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष टिकलेल्या नियमाची खूण त्या कपलरच्या रूपाने कुर्ल्यात माझ्यासमोर आली होती.

परदेशी गाडीतले बेवारस कपलर बहुधा कारखान्याचे असतात. आपल्याकडच्या गाडीत मात्र कारखान्यावर आणखी थर चढतात, आणि ते थर वाचायला मुंबईच्या टॅक्सीसारखी दुसरी शाळा नाही. फियाट ११०० कुर्ल्यात १९५४ पासून बनू लागली, १९६४ मध्ये तिचं ११०० डी हे रूप आलं, सत्तरच्या दशकात ती प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. उत्पादन थांबल्यावरही टॅक्सी म्हणून ती दोन दशकं धावली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

अशा टॅक्सीच्या डॅशबोर्डामागे काय काय नसे! चावीच्या स्विचवर ३०, १५/५४, ५० असे मूळ आकडे जागेवर असत. पण तिथून निघणाऱ्या वायरींचा रंग इटलीच्या नकाशाशी जुळेल अशी आशा धरायची नाही. मूळ हार्नेस जळला किंवा कुजला की नवा तिथल्या तिथे विणला जाई आणि दुकानात जी वायर शिल्लक असेल ती लागे. काही महाभाग घरगुती वायरिंगची जाड एकतारी वायर ओढत. घराच्या भिंतीत ती पिढ्यानपिढ्या टिकते. गाडीत इंजिनाच्या थरथरीने वाकून वाकून आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. गाडीला बारीक तारांची लवचीक वायरच लागते, ती याचसाठी.

मूळ थरावर मग चालकांच्या गरजा चढत. काचेजवळ छोटा पंखा, त्याची वायर बहुतेक वेळा चावीआधीच्या टर्मिनलवरून, कारण इंजिन बंद करून स्टँडवर बसलं तरी वारा हवा. देवाच्या फोटोवरचा बारका लाल दिवा. तो पार्किंगच्या लायनीवर. कॅसेट प्लेअर, आणि त्याच्या स्पीकरच्या मागच्या काचेपर्यंत गेलेल्या वायरी. टॅक्सीचं मीटर बाहेर डाव्या अंगाला, केबलवर फिरणारं. त्याला रात्री उजेड हवा म्हणून पत्र्याला भोक पाडून ओढलेली एकेरी वायर. आणि चोर स्विच. हा स्विच कुठे दडवायचा यात प्रत्येक चालकाची अक्कल वेगळी चाले: सीटखाली, गालिच्याआड, ॲशट्रेच्या मागे. कॉइलकडे जाणारा १५ नंबरचा करंट त्याने मध्येच तोडायचा, म्हणजे सेल्फ कितीही फिरवला तरी इंजिन पेटत नाही. गाडी विकली जाई, नव्या मालकाला चोर स्विचचा त्रास नको असे, तो सांगे "डायरेक्ट कर." स्विच निघे, दोन वायरी एकत्र पिळल्या जात, आणि सीटखाली गेलेली जोडी कायमची अनाथ होई.

त्यानंतर गॅस आला. महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली आणि पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजीचं किट म्हणजे विजेच्या दृष्टीने तीन गोष्टी: पेट्रोल बंद करणारा व्हॉल्व्ह, गॅस सोडणारा व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डावर दोघांत निवड करणारा बारक्या दिव्यांचा स्विच. इंजिन फिरतंय की नाही हे कळायला त्या स्विचची एक वायर कॉइलला चिकटलेली असते. डॅशबोर्डामागे एखादी उपरी वायर कॉइलच्या निगेटिव्हकडे जाताना दिसली, की जुन्या गॅस किटचा संशय आधी घ्यायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हा बाहेरच्या मीटरच्या दिव्याची वायर मोकळी झाली आणि या गर्दीत जाऊन बसली.

एवढे थर एकमेकांत गुंतल्यावर कुठली वायर कुठल्या काळातली हे सांगतो तो जोड. कारखान्याची पिन यंत्राने दाबलेली असते, तिची घडी दोन्ही बाजूंनी सारखी. जुन्या पिढीचा कारागीर तारा पिळून डाग देई आणि वर कापडी टेप गुंडाळी. ती टेप आता खडखडीत झालेली असते. त्यानंतरच्या लोकांनी डाग देणं सोडलं, नुसतं पिळून प्लास्टिकची टेप मारली. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून हाताला लागतो. किट बसवणाऱ्यांनी तर निळ्या-लाल प्लास्टिकच्या दाबायच्या क्लिपा वापरल्या, ज्या वायरीच्या पोटात पातं घुसवून करंट चोरतात. टेपेला हात लावला की साधारण दशक कळतं.

वायरीची जाडीही बोलते. ब्रिटिश मापात ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची वायर पावणेनऊ अँपियरच्या आसपास वाहते, २८ तारांची साडेसतरा, ४४ तारांची साडेसत्तावीस. टोक उलगडून तारा मोजल्या की पुढे काय असू शकेल याचा घेर आखता येतो. चौदा तारांवर कुणी हेडलाइट चालवत नाही, आणि इंडिकेटरसाठी कुणी चव्वेचाळीस तारा खर्च करत नाही. बेवारस वायर जाड असेल आणि तपकिरी असेल तर तिला पहिल्यांदा टोपी घालायची, मग विचार.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी जो क्रम लावून दिला तो याच सगळ्यातून आलेला आहे. गाडीचं साल, देश आणि कुठल्या बाजारासाठी बनली हे आधी विचारायचं. टॅक्सी होती का, गॅसवर होती का, रेडिओ किती वेळा बदलला, हेही. मग बॅटरीची अर्थ काढायची आणि नुसत्या डोळ्यांनी, बोटांनी वायरीचा माग काढायचा: रंग, रेघ, तारा, पिन, टेप. दुसरं टोक सापडलं तर मीटर लावून दोन्ही टोकं एकच आहेत याची खात्री करायची. बॅटरी जोडायची ती सगळ्यात शेवटी, आणि तीही फ्यूजमधून. मग चावीआधी, चावीनंतर, दिव्यांचा स्विच ओढल्यावर अशा प्रत्येक स्थितीत टेस्ट लॅम्प काय म्हणतो ते लिहून ठेवायचं. पोरांना उलट्या क्रमाची घाई असते, कारण दिवा लागला की काहीतरी कळल्यासारखं वाटतं. पण ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय हे माहीत नाही, त्याच्यासाठी त्या पिवळ्या वायरीवर दिवा लागला काय आणि न लागला काय, सारखंच.

आता धंद्यातली रंगांची विद्या ओसरते आहे. बॉशने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत जाहीर केली, आणि तेव्हापासून हळूहळू एकमेकींना पिळलेल्या दोन वायरींवरून सगळे डबे आपसात बोलू लागले. काच खाली करायचा हुकूम आणि इंजिनाचं तापमान त्याच जोडीवरून जातं. तिथे रेघेचा रंग बघून काही कळत नाही. लॅपटॉप लावावा लागतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने हार्नेस किलोवर विकले जातात, आणि त्यातले बरेच आतलं तांबं काढण्यासाठी जातात. त्यांच्याबरोबर ती शिस्तही जाते.

तरी कारखान्याचा हिशेब बदललेला नाही. आजच्या कुठल्याही गाडीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घ्या आणि डॅशबोर्डाचं एक पॅनेल काढा. वरच्या मॉडेलात असलेल्या कॅमेऱ्याचा, फॉगलाइटचा किंवा जास्तीच्या स्पीकरचा कपलर मागे बांधून ठेवलेला सापडण्याची शक्यता भरपूर. हाही आज ना उद्या कुणालातरी कोड्यात टाकणार. म्हणून "कापून टाका" म्हणणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. मोकळं टोक इन्सुलेट करा, मागे बांधा, आणि कागदाचा एक चिटोरा लावून त्यावर तुम्हाला जे कळलं ते लिहा: कुठून येते, कशासाठी होती, कुणी आणि कधी काढली. एमजी-बीच्या त्या पोराला मी हेच करायला लावलं. त्याच्या प्रश्नचिन्हांच्या जागी आता बॉलपेनने लिहिलेली उत्तरं आहेत, आणि पुढच्या इलेक्ट्रिशियनला ती गाडी उघडताना माझा किंवा त्याचा शोध घ्यावा लागणार नाही.